नासाचा सहा रेघांचा कागद, दिवाळी अंकांच्या प्रूफांवर

'नासा टीएलएक्स' हे नाव ऐकलं की एखादं यंत्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो एक कागद आहे, काम करताना किती भार जाणवला ते मोजायचा. टीएलएक्स म्हणजे 'टास्क लोड इंडेक्स'. सहा आडव्या रेघा, प्रत्येक रेघेचे वीस सारखे भाग आणि प्रत्येक रेघेवर एक प्रश्न. काम संपलं की सहाही रेघांवर एकेक फुली मारायची, बस. नासाच्या संकेतस्थळावरून तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. आयफोनसाठी अ‍ॅपही आहे. पण माझा फोन अँड्रॉइड, शिवाय प्रूफं वाचताना फोन मी टेबलावर ठेवतच नाही, त्यामुळे हा अभिप्राय फक्त कागदाचा.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात शनिवार पेठेत दोन सहकारी आणि मी मिळून काम करतो. एरवी पुस्तकं, आणि जुलै उजाडला की दिवाळी अंक. गेल्या हंगामात प्रत्येक बैठकीनंतर आम्ही तिघींनी हा कागद भरला. डोक्यावरचा भार मोजायला तो कितपत कामाचा आहे, आणि तासन् तास लक्ष टिकवण्याच्या कामात त्याचा काही उपयोग होतो का, हे मला सांगायचं आहे. आमच्या कामाबद्दल "नुसतं वाचायचंच तर आहे" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्या वाक्याला आकड्यांत उत्तर देता येतं हे मला या कागदाने पहिल्यांदा दाखवलं. म्हणून त्याच्याबद्दल मनापासून लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय या सहा रेघांचं मोल कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर गस्त घालत जर्मन पाणबुड्या शोधायची. रडारच्या पडद्यावर बराच वेळ काहीच नसायचं, आणि असलंच तर एक बारीक ठिपका. सराईत माणसांच्याही नजरेतून असे ठिपके निसटत होते. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने त्याचा माग काढायला एक घड्याळ केलं. कोऱ्या तबकडीवर एकच काटा, दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरकणारा. मधूनच, केव्हा ते सांगता यायचं नाही, तो एकदम दोन टप्पे उडी घ्यायचा. ती उडी दिसली की कळ दाबायची. असं दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातली मुख्य गोष्ट अशी की हुकणाऱ्या उड्यांचं प्रमाण पहिल्या अर्ध्या तासानंतरच वाढलं. दोन तास बसून दमल्यावर नव्हे, अर्ध्या तासात.

त्याच प्रयोगांचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली तर नजर शाबूत राहिली. मधेच फोन करून "जरा नेटाने बघा" एवढं सांगितलं तरी काही काळ सुधारणा झाली. आणि प्रत्येक वेळी "बरोबर पकडलंत", "हुकलं" हे लगेच सांगितलं, तर घसरण थांबली. हे वाचताना मला आमची खोली दिसत होती. सोळा पानी फॉर्म, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचं प्रूफ, समोर, ओळी डोळ्यांखालून सरकताहेत, डोळे सताड उघडे, आणि 'आशीर्वाद'मधला रफार 'वा'वरून उठून 'शी'वर जाऊन बसलेला दिसत नाही.

पुढे बरीच वर्षं तज्ज्ञांचा कल असा होता की ही घसरण कंटाळ्यामुळे होते: मेंदूला पुरेसं काम नाही, म्हणून तो सुस्तावतो. या समजाला धक्का देणाऱ्या अभ्यासांत नासाचा हा कागद वापरला गेला. तो मुळात तयार झाला कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रात. सँड्रा हार्ट आणि लॉवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ साली तो मांडला, तेव्हा डोळ्यांपुढे वैमानिक होते. नंतर तो रुग्णालयांपासून गाडी चालवण्याच्या चाचण्यांपर्यंत सगळीकडे गेला. पहारा देण्यासारखी, वरवर रिकामी वाटणारी कामं करणाऱ्यांना हा कागद दिला, तेव्हा त्यांचे आकडे चांगलेच चढे आले, विशेषतः मानसिक भार आणि वैताग या दोन रेघांवर. जोएल वॉर्म, राजा परसुरामन आणि जेराल्ड मॅथ्यूज यांनी २००८ साली हे सगळं एकत्र मांडलं आणि निष्कर्ष काढला की जागरूक राहणं हेच अवघड, ताण आणणारं मानसिक काम आहे. काही घडत नसताना 'आता घडेल' म्हणून तयार राहण्यात माणूस झिजतो.

आता कागदाकडे. सहा रेघांना आम्ही आमच्या खोलीपुरती नावं दिली: डोक्याचा भार, अंगाचा भार, घाई, कामगिरी, मेहनत, वैताग. पहिल्या दोन सरळ आहेत. घाई म्हणजे कामाची गती किती लादलेली वाटली. कामगिरी म्हणजे काम कितपत साधलं, पण ही रेघ उलटी: आकडा जितका मोठा तितकं काम फसलेलं. मेहनत म्हणजे जी कामगिरी झाली ती करायला किती जोर लावावा लागला. वैतागाच्या रेघेत चिडचिड, निराशा, असुरक्षितता, ताण सगळं येतं. रेघेवरचा प्रत्येक भाग पाच गुणांचा, म्हणजे शून्य ते शंभर. सहा आकड्यांची सरासरी काढली की झाला एकूण भार.

मूळ पद्धतीत आणखी एक पायरी आहे. सहा बाबींच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत 'या कामात भार कशामुळे जास्त होता' ते निवडायचं, आणि ज्या बाबीला जितकी मतं तितकं तिचं वजन. गुणाकार करून पंधराने भागायचं. आम्ही सुरुवातीला हे करून पाहिलं. फरक पडतो. एका वैचारिक लेखाच्या प्रूफाचे माझे आकडे होते: डोक्याचा भार ८०, अंगाचा ३५, घाई ७०, कामगिरी २५, मेहनत ७५, वैताग ४५. साधी सरासरी ५५. डोक्याच्या भाराला ५, मेहनतीला ४, घाईला ३, वैतागाला २, कामगिरीला १ आणि अंगाच्या भाराला ० असं वजन पडलं, तेव्हा तोच आकडा ६८ झाला. पण दर बैठकीनंतर पंधरा जोड्या सोडवणं सप्टेंबरात शक्य नाही. जोड्या गाळून नुसती सरासरी घेण्याची रीत संशोधकांमध्येही रूढ आहे, तीच आम्ही पुढे ठेवली.

खरा उपयोग मात्र सरासरीत नाही, हे मला राशिभविष्याने शिकवलं. जवळजवळ प्रत्येक मोठ्या अंकात वार्षिक राशिभविष्य असतं. वाचायला सोपं, वाक्यं ठरावीक, बारा वेळा तोच साचा: ग्रह कोणत्या तारखेला कुठे जाणार, कोणते महिने चांगले, कोणते जपून. आमच्या धाकट्या सहकारीने त्याचं प्रूफ वाचून कागद भरला: डोक्याचा भार ४५, अंगाचा ४०, घाई ६०, कामगिरी ३०, मेहनत ८०, वैताग ७५. बेरीज ३३०, सरासरी ५५. म्हणजे तळटीपांनी भरलेल्या त्या वैचारिक लेखाइतकीच! एका आकड्यावर विसंबलं असतं तर दोन्ही कामं सारखी ठरली असती. रेघा शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसलं की लेखात भार विषयाचा होता, आणि राशिभविष्यात लक्ष जागेवर धरून ठेवण्याचा. विषय हलका, तरी मेहनत ८०.

ती म्हणाली, "ताई, तुळेपर्यंत ठीक होतं. मग एकेक ओळ हाताने ओढून आणल्यासारखी वाचावी लागली. मीन वाचली, पण काय वाचलं ते सांगता येणार नाही." दुसरं प्रूफ मी वाचलं तेव्हा सुटलेल्या चुका कुंभ आणि मीन राशींत दाटीने होत्या: एका ठिकाणी तारीख चुकलेली, एका ठिकाणी आधीच्या राशीचंच वाक्य पुन्हा आलेलं. वैचारिक लेखात सुटलेल्या चुका अशा शेवटी साचल्या नव्हत्या. त्या सगळीकडे थोड्याथोड्या होत्या, आणि बहुतेक तळटीपांत.

तेव्हापासून आम्ही कागदावर सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: डोक्याचा भार आणि मेहनत यांच्यातलं अंतर. दोन्ही चढे असतील तर काम अवघड आहे, मजकूर कमी करून घ्यायचा. डोक्याचा भार खाली आणि मेहनत वर असेल तर लक्ष ताणून धरलेलं आहे, वाचणारी बदलायची. हा आमच्या टेबलावरचा अनुभव आहे, शास्त्राचा नियम म्हणून मी तो सांगत नाही. पण त्याने आमची कामाची पद्धत बदलली. राशिभविष्य आता आम्ही दोघींत सहा-सहा राशी असं वाटून घेतो, आणि दुसरं प्रूफ मीन राशीपासून उलटं मेषेकडे वाचतो. पाककृतींचं पान, व्यंगचित्रांच्या ओळी, जाहिरातदारांचे पत्ते आणि फोन नंबर यांनाही हेच लागू. जाहिरातींच्या पानांवर चूक सुटली तर संपादकाला पैशांचा फटका बसतो, आणि तीच पानं बहुधा सगळ्यात शेवटी, सगळ्यात घाईत येतात.

एक वेगळा भार असतो, तो कागदाने आमच्यापुढे स्पष्ट आणला. परसुरामन यांनी १९७९ सालीच दाखवलं होतं की जिथे समोरची गोष्ट स्मरणात धरलेल्या गोष्टीशी ताडायची असते आणि समोरून गोष्टी भराभर येत असतात, तिथे लक्षाची घसरण खरी जाणवते. शुद्धलेखनाचे नियम आम्हाला आठवावे लागत नाहीत. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ साली भर घातलेले चार, हे अठरा नियम इतक्या वर्षांत हाडांत मुरलेत. 'दुरावस्था' दिसलं की हात आपोआप 'दुरवस्था' करतो. भार पडतो तो प्रत्येक अंकाच्या स्वतःच्या रीतीचा. एका अंकात 'सर्वांत', दुसऱ्यात 'सर्वात'. एकात बोली वळणाचं 'केलं, गेलं' लेखकाच्या इच्छेप्रमाणे तसंच ठेवायचं, दुसऱ्यात सगळीकडे 'केले, गेले' करून घ्यायचं. एका संपादकांना आकडे देवनागरीत हवेत, दुसऱ्यांना नकोत. सकाळी एका अंकाचा फॉर्म आणि लगेच दुसऱ्याचा, असं केलं की दुसऱ्या कागदावर डोक्याचा भार हमखास दोन-तीन घरं पुढे गेलेला दिसायचा, मजकूर कितीही सोपा असला तरी. म्हणून आता एका दिवशी एकीने एकच अंक धरायचा असं ठरवलं आहे. संपादकांना हे पटवणं सोपं नव्हतं. प्रत्येकाला आपलाच फॉर्म आज संध्याकाळी हवा असतो. पण त्यांच्यापुढे कागद ठेवून बोलता आलं, आणि दोघांनी वेळापत्रक खरोखर बदललं.

ताडून वाचण्याचंही तसंच. मूळ प्रत एकीने मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सगळं उच्चारून, आणि दुसरीने प्रूफावर पेन्सिल चालवायची, ही छापखान्यांतली जुनी रीत आम्ही तळटीपांच्या मजकुरासाठी परत आणली. एकटीने दोन कागदांवर नजर नेआण करताना मधलं वाक्य स्मरणात धरावं लागतं. दुसरीचा आवाज कानावर असेल तर ते ओझं उतरतं. दर अर्ध्या तासाने वाचणारी आणि पेन्सिलवाली जागा बदलतात. मॅकवर्थच्या पाळीची ही आमची आवृत्ती. मेहनतीची रेघ या बैठकींत खाली येते, अंगाचा भार मात्र वाढतो, घसा बसतो. तोही कागदावर दिसतो, आणि दिसला पाहिजे.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत.

पहिली, कामगिरीची रेघ. बाकी पाच रेघांवर डावीकडे 'अगदी कमी' आणि उजवीकडे 'खूप जास्त'. या एका रेघेवर डावीकडे 'उत्तम' आणि उजवीकडे 'अपयश'. भरभर फुल्या मारणारा माणूस इथे उलटी फुली मारतो, आणि सरासरी बिघडते. आम्ही छापताना ही रेघ वेगळ्या रंगात घेतली. प्रत्येक नव्या वापरणाऱ्याला हे आधी तोंडी सांगावंच लागतं.

दुसरी उणीव याच रेघेची, पण खोलवरची. आमच्या धंद्यात काम कसं झालं ते काम करणाराला कळत नाही. सुटलेली चूक दिसली नाही म्हणूनच तर सुटली. वैमानिकाला विमान नीट उतरलं की नाही ते समजतं. आम्हाला ते दुसऱ्या वाचनानंतर समजतं, नाहीतर अंक छापून आल्यावर एखाद्या वाचकाच्या पत्राने. त्यामुळे या रेघेवरची फुली म्हणजे फक्त मनाची समजूत असते. त्यावर आमचा तोडगा असा: फुली मारून ठेवायची, आणि दुसरीने त्याच दिवशी प्रूफ वाचून सुटलेल्या चुका त्याच कागदाच्या मागे लिहायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत टेबलावर. मॅकवर्थच्या माणसांना 'हुकलं' हे लगेच कळायचं, आम्हाला रात्र उलटून कळतं. तरी त्याचा उपयोग होतो. कागद एकटा वापरला तर तो जाणवलेला भार सांगतो, लक्ष किती टिकलं ते सांगत नाही. त्यासाठी मागची बाजू लागतेच.

तिसरी, तो बैठक संपल्यावर भरायचा असतो. दोन तासांच्या बैठकीत नेमकं कोणत्या पानावर मन सुटलं ते त्यात येत नाही. शेवटची दहा मिनिटं वाईट गेली असतील तर सगळी बैठक वाईट वाटते. आम्ही बैठकाच छोट्या केल्या, एका फॉर्मची एक बैठक, त्यामुळे ही अडचण कमी झाली. मिटली म्हणणार नाही.

आणि 'अमुक आकड्याच्या वर धोका' अशी कोणतीही सीमारेषा यात नाही. माझे ५५ आणि तुमचे ५५ यांची तुलना करू नये. माझी थोरली सहकारी मुळातच हात राखून फुली मारते. तिचा ४० म्हणजे माझा ६०. तिने माझ्यापेक्षा कमी काम केलं असा अर्थ कुणी काढला तर ते अन्यायाचं होईल, आणि ज्या कचेऱ्यांत वरिष्ठ हे कागद गोळा करून माणसं एकमेकांशी ताडतील, तिथे लोक खोट्या फुल्या मारतील. हा कागद ज्याचा त्याने स्वतःसाठी भरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांबद्दल बोलल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. मुद्रितशोधनाचा मोबदला पानाप्रमाणे मिळतो. कादंबरीचं पान आणि संदर्भग्रंथाचं पान यांत काही प्रकाशक फरक करतात, पुष्कळसे करत नाहीत. सूची, कोष्टकं, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला आणि जोडाक्षरं विस्कटलेला मजकूर, सगळं एकाच दराने. त्या हंगामाच्या शेवटी एका प्रकाशकांसमोर मी वेगवेगळ्या मजकुरांचे कागद मांडले. त्यांनी ते शांतपणे, एकेक करून पाहिले. तळटीपांच्या आणि सूचीच्या पानांना वेगळा दर द्यायला ते तयार झाले. वाढ मोठी नाही. पण "हे काम जास्त कठीण आहे" हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते, आणि या वेळी ते कागदावर होतं. एका व्यवहाराने धंद्याचे दर बदलत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी इतर मुद्रितशोधकांनी हे करून पाहावं असं कळकळीने सांगते.

पाचपैकी चार तारे. एक तारा कामगिरीच्या रेघेसाठी कापला. प्रूफं वाचणारे, भाषांतर तपासणारे, उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक, हिशेब ताडणारे, ज्यांचं काम बसून, गप्प राहून, नजर ठेवून करायचं आहे त्या सगळ्यांना उपयोगी. ज्यांना एका आकड्यात निकाल हवा आहे त्यांनी वाटेला जाऊ नये.

वापरायचा असेल तर ए-फाइव्ह आकारात छापा, म्हणजे प्रूफाच्या गठ्ठ्यात अडकवता येतो. मागची बाजू कोरी ठेवा. आणि सुरुवात जूनमध्ये करा, कामाचा रेटा नसताना, नेहमीच्या पुस्तकाच्या नेहमीच्या पानांवर. तुमचा एरवीचा आकडा हाताशी असेल, तरच सप्टेंबरातला आकडा वाचता येईल.